परमुलुखांतला आपला वकील

आमची लाखनी मुंबई-कलकत्ता हमरस्त्यावर वसलेली आहे. धान निघूं लागलें म्हणजे ह्या रस्त्यानें पोत्यांनीं लादलेले ट्रक रात्रंदिवस जातात आणि शाळा सुटल्यावर पोरें कडेला उभीं राहून ते मोजतात. मागें एकदां आम्हीं वर्गांत सहज विचारलें, "हा तांदूळ जातो कोठें?" कोणी म्हणाला गोंदियास, कोणी नागपुरास, एकानें धीर करून मुंबई सांगितली. "आणि मुंबईच्या पुढें?" म्हणतांच वर्ग चिडीचीप झाला. शेवटीं मागच्या बांकावरचा एक पोरगा उठला. त्याच्या बापाच्या अडीच एकर बांध्या आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, पुढें समुद्र आहे."

पोर खोटें बोललें नाहीं. पण त्या समुद्रापलीकडे आपल्या धानाचें काय होतें, तेथें आपल्या नांवानें कोण बोलतो, आणि बोलणारा तो माणूस त्या जागीं पोंचतो कसा, हें पोरास ठाऊक नाहीं आणि त्याच्या बापासहि नाहीं. आमच्या वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक असेल याचीहि आम्हांस शंकाच आहे. म्हणून या अंकीं राजदूत या असामीविषयीं चार गोष्टी लिहावयाचें ठरविलें आहे. कोणी म्हणेल, कुणब्याला, तेल्याला, कोष्ट्याला राजदूताशीं काय करावयाचें? त्यानें आधीं पुढचा हिशेब ऐकावा.

२० जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदुळाची परदेशीं रवानगी बंद केली. त्याच्या आदल्या वर्षीं, सप्टेंबर २०२२ मध्यें, तुकडा तांदूळ म्हणजे आपली कणकी बंद झाली होती. जुलैंत आमच्याकडे रोवणीची घाई असते. चिखलांत कमरेंत वाकलेल्या बाईला कोणी येऊन सांगितलें नाहीं कीं, बाई, तूं हे पऱ्हे लावते आहेस खरी, पण त्यांच्या बाजाराचें एक दार दिल्लींत आज लागलें. तें दार उघडलें २८ सप्टेंबर २०२४ रोजीं, म्हणजे चौदा महिन्यांनीं. पण या चौदा महिन्यांतहि तांदूळ अगदींच गेला नाहीं असें नाहीं. भूतान, मॉरिशस, सिंगापूर, नेपाळ, मलेशिया, फिलिपाईन्स या देशांनीं आपल्या सरकारजवळ मागणें घातलें आणि त्यांस सवलत मिळाली. अशीं मागणीं हवेंतून येत नसतात. एका सरकारची गरज दुसऱ्या सरकारच्या कानीं घालणें, कोणाला किती द्यावें, बदल्यांत काय पदरांत पाडावें, याची बोलणीं करणें, हें ज्याचें रोजचें काम तो राजदूत.

हमीभावाचें घ्या. २०२५-२६ च्या हंगामास सामान्य धानाला क्विंटलमागें २,३६९ रुपये भाव ठरला. आधारभूत केंद्रावर नंबर लावतांना, सात-बारा दाखवितांना, बारदाना नाहीं म्हणून चार दिवस पोतीं राखतांना आपल्याला वाटतें कीं हा मामला आपल्या आणि सरकारच्या मधला. तसें नाहीं. या भावावर परमुलुखांत पंच बसलेले आहेत. १९९५ सालीं जागतिक व्यापार संघटना निघाली, तिची कचेरी स्वित्झर्लंडांत जिनिव्हा येथें आहे. तिच्या शेतीच्या करारांत अशी अट आहे कीं, आपल्यासारख्या देशानें भावाच्या रूपानें दिलेली मदत त्या पिकाच्या एकंदर किंमतीच्या १० टक्क्यांवर जाऊं देऊं नये. आणि ही मदत मोजावयाची कशी, तर १९८६ ते १९८८ या सालांतल्या बाजारभावाशीं ताडून! म्हणजे आजच्या जवान माणसाला त्याचा बाळपणींचा अंगरखा घालावयाचा आणि तो फाटला म्हणून दोष त्याच्या पोटाला द्यावयाचा.

या अंगरख्यावरून कित्येक वर्षें भांडण चाललें आहे. डिसेंबर २०१३ मध्यें बाली बेटावर ठराव झाला कीं, गरिबांसाठीं धान्य सांठवितांना ही मर्यादा ओलांडली गेली तरी कोणी तंटा करूं नये, मात्र हिशेब उघडा ठेवावा. २०१४ सालीं हा ठराव कायमचा तोडगा निघेपर्यंत टिकला पाहिजे म्हणून आपला देश अडून बसला, आणि नोव्हेंबरांत तें इतरांनीं कबूल केलें. तोडगा अजून निघालेला नाहीं. २०१८-१९ सालच्या तांदुळापायीं मर्यादा खरोखरच ओलांडली गेली, तेव्हां २०२० त भारतानें हीच ढाल पुढें केली. ढाल नसती तर आपल्या केंद्रावरच्या खरेदीला जगानें गुन्हा ठरविलें असतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें अबूधाबीला याच संघटनेची परिषद भरली होती. तेथें थायलंडच्या राजदूत बाईंनीं असें म्हटलें कीं, भारत हमीभावानें तांदूळ घेतो तो लोकांना खाऊं घालण्यासाठीं नव्हे, तर परदेशचा बाजार काबीज करण्यासाठीं. आपल्या मंडळींनीं कडक हरकत घेतली, आणि थायलंडनें त्या बाईंस परिषदेंतून माघारीं बोलाविलें असें वर्तमानपत्रांत आलें. पाहा, कोठें अबूधाबी आणि कोठें आमच्या अडीच एकर बांध्या! पण वाद त्या बांध्यांचाच होता. खरें सांगावयाचें तर जिनिव्हाची ही एक खुर्ची पुष्कळदां परराष्ट्र सेवेबाहेरच्या सनदी अधिकाऱ्यास मिळत आली आहे. इतर राजधान्यांतून मात्र बहुतेक त्या सेवेंतलेच लोक असतात. खुर्ची कोणत्याहि सेवेंतली असो, तींत बसणाऱ्यास रोवणी म्हणजे काय हें ठाऊक आहे कीं नाहीं, हा आमचा प्रश्न आहे.

राजदूत हा शब्द नवा, पण ही असामी आपल्या मुलुखाला नवी नव्हे. मराठेशाहींत तिला वकील म्हणत. पुणें, नागपूर, हैदराबाद, दिल्ली अशा दरबारांतून एकमेकांचे वकील बसलेले असत. वकील कच्चा तर राज्य कच्चें. आणि वकील पक्का असूनहि त्याच्या मागचें राज्य गेलेलें असेल तर काय होतें, याचें रडूं आणणारें उदाहरण रंगो बापूजी गुप्ते यांचें आहे. कंपनी सरकारनें सप्टेंबर १८३९ मध्यें साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांस गादीवरून काढलें आणि काशीस नेऊन ठेविलें. त्यांची दाद लावावयास रंगो बापूजी लंडनास गेले आणि चौदा वर्षांच्या घरांत तेथें राहिले. अर्ज केले, सभा गांठल्या, गोऱ्या माणसांना मित्र केलें, उसनवारी केली. मध्यंतरीं १८४७ त धनी काशीस वारले, १८४८ त सातारा खालसा झाला, तरी वकील आपल्या जाग्यावर. पण ज्या दारावर ते उभे होते त्या घरवाल्यानेंच चोरी केलेली. तो यांस वकील म्हणून ओळख देणार कशाला? हात हालवीत परत यावें लागलें. १८५७ च्या गडबडींत त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यास फांसावर गेला, आणि म्हातारा जो नाहींसा झाला तो कोणास सांपडला नाहीं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनीं या दोघां धनी-चाकरांवर ग्रंथ लिहिला आहे. ज्याला मिळेल त्यानें वाचावा.

आमच्या भंडाऱ्याची गोष्ट याहून वेगळी नाहीं. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ त वारले, पोटीं मुलगा नाहीं ही सबब डलहौसीला पुरली, आणि १८५४ त राज्य खालसा होऊन वाड्यांतले हत्ती-घोडे, दागदागिने लिलावांत निघाले. त्या दिवशीं वैनगंगाकांठच्या कुणब्याच्या, ढिवराच्या, कोष्ट्याच्या तर्फे लंडनांत बोलणारा कोण होता? कोणी नाहीं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें आपल्या देशाला परदेशांत स्वतःचें असें तोंड नव्हतें. जें बोलावयाचें तें इंग्रज बोले.

९ ऑक्टोबर १९४६ रोजीं आपल्या परराष्ट्र सेवेचा पाया घातला गेला. सुरवातीस वकिलातींत माणसें पाठवावयाचीं तीं कोठून आणावयाचीं, ही मोठीच अडचण होती. कांहीं जुन्या आय. सी. एस. मधले घेतले, कांहीं नेहरूंच्या विश्वासांतले, कांहीं संस्थानिकांच्या घरचे. आपल्या महाराष्ट्रांतून औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ त पूर्व आफ्रिकेंत नैरोबीस गेले. माणूस सरळ होता, काळ्या लोकांच्या चळवळीशीं त्यानें सलोखा राखला आणि म्हणून तेथल्या गोऱ्या सरकारच्या डोळ्यांत सलला. पुढें त्यांनीं इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, इंग्लंड, इटली अशा ठिकाणीं काम केलें. त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पण राजाच्या पोटीं जन्मल्याशिवाय किंवा मोठ्याच्या मर्जींत बसल्याशिवाय ती खुर्ची मिळत नसती, तर आज हा लेख लिहिण्याचें आम्हांस कारणच नव्हतें. सुदैवानें दुसरें दार त्याच वेळीं उघडलें होतें, तें परीक्षेचें.

त्या दारानें आलेल्यांपैकीं नसले तरी गरिबींतून आलेल्यांत पहिलें नांव के. आर. नारायणन् यांचें घ्यावें लागेल. केरळांतील उळवूर गांवीं एका अस्पृश्य मानलेल्या गरीब घरांत त्यांचा जन्म. शेतांच्या बांधांवरून रोज कित्येक मैल चालून ते शाळेस जात. फी थकली म्हणजे वर्गांत बसावयास मिळत नसे. तेव्हां बाहेर उभें राहून आंतला धडा ऐकत. आम्ही मास्तरकीच्या धंद्यांतले. बाहेर उभें केलेलें पोर आम्हांस पाहावत नाहीं, म्हणून हें आम्ही दोनदां वाचलें. पुढें टाटांची मदत मिळून ते लंडनास शिकले, आणि १९४९ त नेहरूंनीं त्यांस परराष्ट्र सेवेंत घेतलें. ब्रह्मदेशापासून सुरवात. मग थायलंड, तुर्कस्तान येथें राजदूत. १९६२ च्या लढाईमुळें चीनशीं बोलणें तुटलें होतें, तेथें पंधरा वर्षांनंतर १९७६ त पहिला भारतीय राजदूत गेला तो हाच माणूस. १९८० ते १९८४ अमेरिकेंत. १९९७ त राष्ट्रपति. वर्गाबाहेर उभें राहून ऐकण्याची संवय राजदूताला उपयोगीं पडत असली पाहिजे असें आम्हांस वाटतें. कारण या धंद्यांत बोलण्यापेक्षां ऐकण्याचें काम जास्त.

आतां परीक्षेच्या दारानें गेलेला आपल्या महाराष्ट्रांतला माणूस पाहा. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांत अब्दुल लाट नांवाचें खेडें आहे. तेथल्या शेतकरी घरांत १९५८ त ज्ञानेश्वर मुळे जन्मले. शाळा कोल्हापूरचें राजर्षि शाहू छत्रपति विद्यानिकेतन, कॉलेजहि कोल्हापूरचेंच. १९८३ त ते परराष्ट्र सेवेंत शिरले. जपानांत नेमणूक झाली तेव्हां जपानी शिकले. आपल्या जन्माची ही कहाणी त्यांनीं 'माती, पंख आणि आकाश' या पुस्तकांत मराठींत लिहिली आहे. २००९ त ते मालदीव बेटांवर उच्चायुक्त झाले. राष्ट्रकुलांतले देश एकमेकांकडे जो राजदूत धाडतात त्याला उच्चायुक्त म्हणतात, एवढाच नांवाचा फरक. हा मुलूख एवढासा, पण तेथें या शेतकऱ्याच्या मुलावर काय काय प्रसंग आले! २०१२ च्या अखेरीस तेथल्या सरकारनें एका भारतीय कंपनीकडचा विमानतळाचा मक्ता काढून घेतला, आणि त्याच सुमारास भर सभेंत सरकारच्या प्रवक्त्यानें मुळ्यांना मालदीवचा शत्रु म्हणून शिव्या घातल्या. १३ फेब्रुवारी २०१३ रोजीं तेथले माजी राष्ट्रपति नशीद अटकेच्या भयानें थेट आपल्या वकिलातींत शिरले आणि दहा दिवस तेथें राहिले. बाहेर पोलीस, आंत पाहुणा, दोन्ही सरकारांत ताण, आणि मध्यें अब्दुल लाटचा माणूस. गांवच्या भाऊबंदकींत मध्यस्थी केलेला पाटील असता तर त्याला हा प्रसंग लवकर समजला असता.

याच मुळ्यांनीं पुढें न्यूयॉर्कचें काम उरकून दिल्लीस आल्यावर पासपोर्टाचें खातें हातीं घेतलें, आणि २०१७ पासून डाकघरांतून पासपोर्टाचीं केंद्रें निघूं लागलीं. आमच्याकडच्या माणसाला पासपोर्टासाठीं नागपूरची वारी करावी लागे. दोन दिवसांची मजुरी बुडे, वर दलालाची पायधरणी. डाकघर तर खेड्यांतल्या माणसाला आपलें वाटतें. हें सुचलें कोणाला? ज्याच्या घरीं कधीं काळीं मनिऑर्डरीची वाट पाहिली गेली असेल अशालाच तें सुचावें, असा आमचा तर्क आहे. तर्कच, पुरावा मागूं नये.

ही नोकरी चढावयाची कशी, तेंहि सांगतों. कोणत्याहि विषयाची पदवी असली कीं संघ लोकसेवा आयोगाच्या सनदी परीक्षेला बसतां येतें. दर वर्षीं दहा लाखांच्या घरांत अर्ज, आणि परराष्ट्र सेवेच्या जागा तीस-चाळीस, कधीं पन्नासच्या वर. निवड झाल्यावर मसुरीस आणि मग दिल्लीच्या सुषमा स्वराज संस्थेंत शिक्षण. त्यानंतर एक परदेशी भाषा सक्तीची: अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन, जपानी, जी वाट्याला येईल ती. तिची परीक्षा उतरल्याशिवाय नोकरी पक्की होत नाहीं. मग तृतीय सचिव, द्वितीय सचिव, प्रथम सचिव, पुढें कौन्सेलर, मिनिस्टर अशा पायऱ्या. मोठ्या देशाची वकिलात हातीं येईपर्यंत केस पांढरे होतात. दर तीन वर्षांच्या सुमारास बिऱ्हाड हालतें. पोरांच्या शाळा बदलतात, भाषा बदलते, हवा बदलते, म्हातारे आईबाप गांवीं राहतात. आमची साकोलीहून लाखनीस बदली झाली तेव्हां घरांत आठ दिवस रडारड होती, आणि अंतर किती, तर सकाळीं निघून न्याहारीला परत यावें एवढें! सारी सेवा मिळून अधिकारी सुमारें एक हजार, आणि वकिलाती व कचेऱ्या दोनशेंच्या घरांत. एवढ्या मोठ्या देशाला इतकीं थोडीं माणसें पुरतात कशीं, अशी तक्रार पार्लमेंटाच्या समितीनेंहि केली आहे.

आणि ही नोकरी म्हणजे मेजवान्या आणि मोटारी एवढीच आहे असें ज्याला वाटत असेल त्यानें पुण्यांतल्या म्हात्रे पुलावरून जातांना त्या नांवाचा माणूस कोण हें विचारावें. रवींद्र म्हात्रे इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें आपल्या कचेरींत अधिकारी होते. राजदूत नव्हे, त्याच्या किती तरी खालचे. ३ फेब्रुवारी १९८४ रोजीं कचेरींतून घरीं जातांना काश्मिरी अतिरेक्यांनीं त्यांस पळविलें. मकबूल भट याला सोडा म्हणून मागणी आली. सरकारनें ती मानली नाहीं, आणि दोन दिवसांनीं म्हात्र्यांचें प्रेत सांपडलें. वय अठ्ठेचाळीस. आमचें वयहि त्याच्या आसपासचें आहे, म्हणून आम्हांस ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

बायकांचा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळा काढतों, कारण आमच्या वर्गांत पहिले नंबर हल्लीं मुलींचे असतात आणि आठवीनंतर त्यांच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. सी. बी. मुथम्मा नांवाच्या कुर्गच्या बाई १९४९ त या सेवेंत शिरल्या. अशी परीक्षा उतरून आलेल्या त्या पहिल्याच. त्या वेळीं नियम काय होता? बाईनें लग्न करावयाचें तर सरकारची परवानगी घ्यावी, आणि लग्न झालेल्या बाईला नेमणुकीचा हक्क नाहीं. पुरुषाला असें कांहीं नाहीं! १९७० त त्या हंगेरींत राजदूत झाल्या, तरी पुढची बढती नाकारली गेली. बाई गप्प बसल्या नाहींत, थेट सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. १९७९ त न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं सरकारच्या या नियमांची चांगलीच हजेरी घेतली. तोंवर सरकारनें बढती देऊन टाकली होती. सासरीं जातां जातां शाळा सोडणाऱ्या पोरींच्या बापांनीं हा खटला ध्यानांत ठेवावा.

आतां एक घरची गोष्ट. आमच्या शेजारच्या खेड्यांतला एक पोरगा वेल्डिंगच्या कामाला आखातांतल्या एका देशांत गेला. दहावी नापास. असा पासपोर्ट ईसीआर म्हणजे तपासणीच्या शिक्क्याचा असतो. त्याला कांहीं देशांत कामास जातांना सरकारी मंजुरी लागते. दलालानें ती टाळून त्याला पर्यटक म्हणून धाडलें. तेथें पासपोर्ट मालकानें ठेवून घेतला, चार महिने पगार नाहीं. बाप आमच्याकडे आला, डोक्यावरचा शेला हातांत घेऊन बसला, म्हणाला, "गुरुजी, कोणाला लिहावें?" आमचें शिक्षण मराठी अध्यापक विद्यालयांतलें, इंग्रजी कागद लिहितांना आमचाहि घाम निघतो. तरी एका रात्रींत अर्ज लिहिला, 'मदद' नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार घातली, आणि वकिलातीलाहि कागद धाडला. पहिले कांहीं आठवडे उत्तर नाहीं. मग एक दिवस फोन आला. पलीकडचा अधिकारी मोडक्या मराठींत बोलला. कोठें नोकरी करतांना शिकला होता कोण जाणे. "चाचा, घाबरू नका" एवढे त्याचे तीन शब्द त्या बापाला पुरले. पोरगा पांचव्या महिन्यांत घरीं आला, पगार मात्र बुडाला तो बुडालाच. सांगण्याचा मतलब असा कीं, त्या दिवशीं त्या घराच्या लेखीं सारा देश म्हणजे फोनवरचा तो एक माणूस होता. आमचीच भाषा पुरती बोलणारा कोणी तेथें असता तर ते आठवडे कदाचित् वांचले असते.

येथें आम्ही आमच्या मुख्य गाऱ्हाण्यावर येतों. कोठारी समितीच्या शिफारशीवरून १९७९ पासून या परीक्षेचा मुख्य भाग मराठींत लिहितां येतो, मुलाखतहि मराठींत देतां येते. हें पुष्कळ पालकांस माहीत नाहीं, म्हणून ठळक सांगतों. १९९३ पासून केंद्राच्या नोकऱ्यांत मागास वर्गांस २७ टक्के जागा राखीव आहेत. त्यांत आपल्याकडचीं बहुतेक कष्टकरी घरें येतात. इतर मागासांस पस्तीस वर्षांपर्यंत नऊ वेळां बसतां येतें. एवढें सगळें खरें. पण पहिली जी चाळणी, म्हणजे पूर्वपरीक्षा, तिचा पेपर आजहि फक्त हिंदींत आणि इंग्रजींत निघतो. दिवाणखान्यांत मराठी चालते, पण ओसरीवरच हटकलें जातें! हिंदी ज्यांची मायबोली त्यांस पहिल्याच फेरींत आपल्या भाषेंत प्रश्न वाचावयास मिळतो. मराठी, तमिळ, बंगाली मुलानें मात्र परक्या भाषेंतला प्रश्न आधीं मनांत उलटवावयाचा आणि मग उत्तर द्यावयाचें. हा न्याय नव्हे. ज्या सेवेंत माणसाला शिरल्यावर चिनी आणि अरबी शिकवितां येते, त्या सेवेच्या दाराशीं मराठी छापतां येत नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. आमच्या खासदारांनीं हा एक प्रश्न पार्लमेंटांत लावून धरावा; धान बोनसाच्या मागणीबरोबर याचेंहि एक निवेदन ग्रामसभांनीं धाडावें.

याचा अर्थ उद्यां उठून पोराला दिल्लीच्या किंवा पुण्याच्या क्लासांत घालण्यासाठीं बांधी विकावी असा कोणी काढूं नये. असा सौदा आम्हीं आपल्या तालुक्यांत पाहिला आहे. पोरगा सहा वर्षांनीं परत आला, बांधी परत आली नाहीं. दहा लाखांत चाळीस ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. क्लासवाल्यांच्या फलकांवर निवडलेल्यांचे चेहरे असतात, राहिलेल्यांचे नसतात. पण शिष्यवृत्ति परीक्षा, गांवच्या वाचनालयांत रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, मुलीला दहावीपुढें निदान पदवीपर्यंत शाळा, यांना बांधी विकावी लागत नाहीं. पोरगा किंवा पोरगी राजदूत झाली नाहीं तरी तहसिलींत अर्ज नीट लिहील, आणि आखातांत जाणाऱ्या भावाला दलालापासून वांचवील, एवढें तरी पदरांत पडेलच.

एक भीति आम्हीं लपवून ठेवीत नाहीं. आपल्यांतला कोणी वर चढला कीं तो आपला राहतोच असें नाहीं. अंगावर सूट चढला कीं बांधावरचा बाप नोकर म्हणून ओळख करून दिली जाते, अशा कहाण्या तालुक्याच्या कचेरीपासूनच ऐकूं येतात, मग वकिलातीचें काय विचारतां? पण यावर उपाय म्हणून आपलीं पोरें खालींच ठेवावीं असें म्हणणारा आमचा वैरी समजावा. दहा गेले तर दोघांस तरी रोवणी आठवेल.

आमच्या शाळेंत जगाचा नकाशा होता तो उंदरांनीं आफ्रिकेपर्यंत खाल्ला. गांवकऱ्यांनीं वर्गणी केली आणि नवा आणला आहे. येत्या शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर तो व्हरांड्यांत लावूं, आणि आपला तांदूळ कोठकोठें जातो, आपल्या वकिलाती कोठकोठें आहेत, तें मुलांकडून टांचण्या टोंचून दाखवूं. समुद्राचें उत्तर देणारा पोरगा पहिली टांचणी जिनिव्हाला टोंचणार आहे. त्यानें दोन दिवस शोधून ती जागा आधींच हेरून ठेविली आहे. ज्या पालकांस यावयाचें असेल त्यांनीं यावें. चहा आमच्याकडे.